उत्तरेच्या बोटीचा हंगाम

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमहून उत्तरेकडच्या हामरफेस्टला धाडलेलं पत्र १८९० च्या सुमारास उन्हाळ्यात तीन आठवड्यांत पोचे, हिवाळ्यात मात्र पाच पाच महिने घेई. नाताळात कळवलेली खुशाली हाती पडेपर्यंत मे उजाडलेला असे. आज नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बोटीचं तिकीट काढताना ‘कधी जावं, उन्हाळ्यात की हिवाळ्यात?’ असं आपण सहज विचारतो. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की अंधारात तिकडे बोट जाते तरी का? समुद्र गोठत नव्हता. अटलांटिकमधून येणारा कोमट प्रवाह हा किनारा बाराही महिने मोकळा ठेवतो. भीती बर्फाची नव्हती, काळोखाची होती. हजारो बेटं, पाण्याखालचे खडक, अरुंद सामुद्रधुन्या, आणि ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेला सगळी मिळून २८ दीपगृहं.

सरकारने उत्तरेला नियमित बोट चालवण्याबद्दल विचारणा केली तेव्हा मोठ्या जहाज कंपन्यांनी अंग काढून घेतलं. तयार झाला रिचर्ड विथ नावाचा कप्तान. तो आणि त्याचा वाटाड्या आंदेर्स होल्ते यांनी कित्येक वर्षं एक वही राखली होती : कुठल्या टोकापासून कुठली दिशा धरायची, किती वेगाने, किती मिनिटं, मग कुठे वळायचं. होकायंत्र आणि घड्याळ, बस. या वहीच्या भरवशावर २ जुलै १८९३ ला ‘वेस्टरोलेन’ ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून सुटली आणि ६७ तासांत हामरफेस्टला लागली. तीन आठवड्यांचा आकडा त्या फेरीने मोडीत काढला. ही बोट आणि तिच्यामागून आलेल्या बोटी ‘हुर्टिग्रुटेन’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

मुहूर्त मात्र जुलैचा धरला होता, हे विसरू नये. रात्रच होत नाही अशा दिवसांत पहिली फेरी निघाली. पहिल्या करारानुसार उन्हाळ्यात बोट हामरफेस्टपर्यंत जायची, हिवाळ्यात अलीकडच्या ट्रॉम्सोहूनच परत फिरायची. वहीची खरी परीक्षा त्या हिवाळी फेऱ्यांत झाली. तेव्हा कुणी सूर्य बघायला आलेलं नव्हतं. खोल्यांत टपालाच्या थैल्या होत्या, डेकवर मासळीची पिंपं आणि गुरं.

सूर्य बघायला येणारे आधीपासूनच जुलैत येत होते. नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर १८७३ साली उत्तर टोकावरच्या नॉर्थ केपच्या ३०७ मीटर उंच कड्यावर चढला आणि मध्यरात्रीचा सूर्य ही राजांनी बघायची गोष्ट झाली. दोनच वर्षांनी थॉमस कुकने पहिली सहल तिथे नेली. जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा १८८९ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात आपल्या बोटीने नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये यायचा. जुलै १९१४ मध्ये ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, तेव्हाही स्वारी तिथेच बालहोल्मला होती. सयामचा राजा चुलालाँगकोर्न १९०७ मध्ये नॉर्थ केपला येऊन खडकावर नाव कोरून गेला. विथही काही केवळ टपालवाला नव्हता. १८९६ मध्ये त्याने हामरफेस्टहून थेट आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटाला जाणारी उन्हाळी बोट सुरू केली, तीही हौशी प्रवाशांसाठी. अशी वाटणी ठरून गेली : जुलै पाहुण्यांचा, उरलेले महिने घरच्यांचे. पुढची जवळपास शंभर वर्षं ती मोडायचं कुणाला सुचलं नाही.

याच सुमारास पुण्यात एक माणूस त्याच अक्षांशांचा विचार करत होता, पण त्याला सूर्यापेक्षा उषेत अधिक रस होता. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. तुरुंगात असताना मॅक्स म्युलरने पाठवलेली ऋग्वेदाची प्रत त्यांच्या हाताशी होती. संपता न संपणारी पहाट, एकामागोमाग येणाऱ्या तीस उषा ही वर्णनं ध्रुवाजवळच्या आकाशाखेरीज कुठे लागू पडतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. आर्यांच्या मूळ वसतीचा त्यांचा निष्कर्ष आज फारसं कुणी मानत नाही, तो वाद इथे नको. पण आकाशाचा अभ्यास पक्का होता. गंमत अशी, की जुलैत नॉर्थ केपला जाणाऱ्या राजेरजवाड्यांना पहाट दिसणंच शक्य नव्हतं. सूर्य मावळलाच नाही तर उगवणार कसा? टिळकांची महिनाभराची उषा ध्रुवाच्या अगदी जवळची. ट्रॉम्सोला ती तशी मिळत नाही. तिथे सूर्य साधारण २७ नोव्हेंबरला दिसेनासा होतो तो थेट संक्रांतीच्या आसपास क्षितिजाशी येतो, आणि गावाभोवतीचे डोंगर ओलांडून रस्त्यावर पडायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी पोरांना शाळेत सुट्टी नि गोड पाव मिळतात. मधल्या दिवसांत दुपारी बाराच्या आगेमागे काही तास आकाश निळं होतं, दक्षिणेकडे थोडं गुलाबी, आणि पुन्हा मिटतं. हे बघायला कुणी मुद्दाम जाईल, असं मागच्या पिढीतल्या सहल कंपन्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते झाले, विमानं आली. १९५६ मध्ये नॉर्थ केपपर्यंत मोटार जाऊ लागली. टपाल आणि माणसं बोटीवरून उतरू लागली. मग १९९३ पासून दहा वर्षांत मोठमोठी जहाजं उतरवली गेली, हॉटेलसारखी, काचेच्या सज्जांची. त्यांतल्या एकाचं नाव ‘नूरलिस’, म्हणजे उत्तरेचा प्रकाश, आणि दुसऱ्याचं ‘मिडनात्सोल’, मध्यरात्रीचा सूर्य. नावं दोन्ही ऋतूंची, गर्दी एकाच ऋतूत. जूनमध्ये जागा मिळायची नाही आणि जानेवारीत जेवणघरात टेबलं रिकामी. २०११ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने बर्गन ते किर्केनेस हा बोटीचा प्रवास सलग १३४ तास थेट दाखवला. काही घडत नव्हतं, तरी लोक टीव्हीसमोरून हलेनात. त्यांनी जून निवडला, कारण चोवीस तास चित्रण करायचं तर चोवीस तास उजेड लागतो. हेच प्रक्षेपण डिसेंबरात केलं असतं तर निम्म्याहून अधिक वेळ पडद्यावर काळोख आणि एखादा लुकलुकता दिवा दिसला असता.

वारं फिरायला मात्र आधीच सुरुवात झाली होती. २००८ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री जोआना लमली हिने बीबीसीसाठी नॉर्दर्न लाइट्सच्या शोधातला माहितीपट केला आणि इंग्रज पर्यटक हिवाळ्यात ट्रॉम्सोकडे धावू लागले. त्यात डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले. माझ्या मते लमलीपेक्षा कॅमेऱ्याचा वाटा मोठा, कारण डोळ्याला हा प्रकाश पुष्कळदा राखाडी, ढगासारखा दिसतो. कॅमेऱ्याची झडप काही सेकंद उघडी राहिली की तोच हिरवागार उमटतो. फोटो बघून जाणाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया म्हणून थोडी पडेल असते. मग एखाद्या रात्री तो खरोखर पेटतो, पडद्यासारखा हलतो, आणि कॅमेरा विसरला जातो. बोटीवर याची रीत ठरलेली आहे. रात्री कधीही ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते, आणि दोन मिनिटांत डेकवर पायजम्यावर जाड कोट चढवलेली, बुटांच्या नाड्या न बांधलेली माणसं आकाशाकडे तोंड करून उभी असतात. हुर्टिग्रुटेन कंपनीने तर हमीच दिली : हिवाळी हंगामातल्या बारा दिवसांच्या सफरीत प्रकाश दिसला नाही, तर दुसरी छोटी सफर फुकट. रिकाम्या टेबलांचा हंगाम भरायला याहून हुशार युक्ती नव्हती. सूर्यावरचे डाग वाढले की हा प्रकाशही वाढतो, आणि ते साधारण अकरा वर्षांनी शिगेला पोचतात. २०१४ च्या आसपास एकदा पोचले, २०२४ मध्ये पुन्हा. त्या वर्षी १० मेच्या रात्री तर लडाखच्या आकाशातही लाली दिसली. उत्तर नॉर्वेत मात्र मेच्या मध्यरात्री पुरेसा अंधारच नसतो. ज्यांच्या दारचा तमाशा, त्यांनाच तो नीट दिसला नाही.

आपल्याकडून जाणाऱ्यांचा ऋतू हवामानाने ठरवलेला नाही, शाळेने ठरवला आहे. परीक्षा संपल्या की मे, नाहीतर जूनची सुरुवात, नाहीतर दिवाळी. मराठी सहल कंपन्यांच्या स्कँडिनेव्हियाच्या जाहिरातींत म्हणून मध्यरात्रीचा सूर्य तळपत असतो. आणि चौकशी करणारे हमखास विचारतात : एकाच ट्रिपमध्ये मिडनाइट सन आणि नॉर्दर्न लाइट्स, दोन्ही होतील ना? होणार नाहीत. एकाला रात्र न होणं लागतं, दुसऱ्याला काळी रात्र. उत्तर नॉर्वेत एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत हा प्रकाश दिसेल असा अंधारच पडत नाही. पण मे म्हणून काही वाईट नाही. उलट मला तर तो जुलैहून उजवा वाटतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या बर्गनला त्यातल्या त्यात कोरडे दिवस वसंतातच लाभतात. हार्डांगरला सफरचंदाच्या झाडांना फुलं, वर डोंगरांवर अजून बर्फ, आणि १७ मेला राष्ट्रीय दिन, गावोगाव पारंपरिक पोशाखातल्या मिरवणुका. फक्त गाइरांगर फ्योर्डमध्ये ही बोट जूनपासूनच शिरते, मेमध्ये तो हुकतो.

दिवाळीचं मात्र कुणी नीट हेरलेलं नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला. म्हणजे सुट्टीचे ते चार दिवस चंद्राच्या उजेडाचा अडथळा आपोआप टळतो, आणि ऑक्टोबरात उत्तरेला रात्रीही पुरेशा लांब झालेल्या असतात. पंचांगाने इतकी सोय क्वचितच करून दिली असेल. अडचण ढगांची, शरद ऋतूत हा किनारा भरून आलेला असतो, आणि आकाश झाकलं असेल तर अमावास्येचा काय उपयोग?

मला विचाराल तर मार्चचा दुसरा पंधरवडा. संपाताच्या आसपास दिवस-रात्र सारखे, म्हणजे दिवसा डोंगर दिसतात आणि रात्री आकाश. शिवाय याच काळात, आणि सप्टेंबरच्या शेवटी, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याशी अशा कोनात येतं की प्रकाश दिसण्याची शक्यता वाढते. १९७३ मध्ये रसेल आणि मॅकफेरॉन यांनी त्याची कारणमीमांसा मांडली. बर्फ भरपूर, थंडी डिसेंबर-जानेवारीहून सोसवणारी. आणि लोफोटेन बेटांवरची कॉड! अंडी घालायला बारेंट्स समुद्रातून आलेल्या माशाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. बंदरात उतरलं की आधी वास येतो, मग लाकडी मांडव दिसतात. मुंडकी काढलेले मासे दोन दोन करून शेपटीला बांधलेले, दांड्यांवर उलटे टांगलेले, खाली बर्फ. वसई-उत्तनच्या वलांडीवर बोंबील टांगतात तसेच, फक्त इथे उन्हाऐवजी थंड वारा वाळवतो. मीठ लागत नाही. मुंडकीही वेगळी वाळवतात. ती नायजेरियाला जातात. जुलैचा प्रवासी येतो तोवर हे मांडव बहुतेक रिकामे झालेले असतात.

पण मार्च हा हिवाळाच, याचा विसर पडू देऊ नये. २३ मार्च २०१९ ला ‘वायकिंग स्काय’ या मोठ्या क्रूझचं इंजिन हुस्टाडविका या उघड्या, खडकाळ पट्ट्यात वादळात बंद पडलं. इंजिनांतल्या वंगणतेलाची पातळी कमी, त्यात लाटांनी जहाज डोलत होतं. यंत्रणा आपोआप थांबली. जहाजावर १,३७३ माणसं. हेलिकॉप्टरने एकेकाला दोरीने वर खेचत ४७९ जणांना किनाऱ्यावर आणलं, बाकीचे दुसऱ्या दिवशी जहाजासकट मोल्डेला पोचले. हुस्टाडविका, स्टाड, वेस्टफ्योर्ड हे पट्टे बेटांच्या आडोशाबाहेर आहेत आणि हिवाळी बोटीला ते चुकत नाहीत. बोट लागणाऱ्याने मार्चचा नाद सोडावा आणि खुशाल जूनमध्ये जावं.

पुढचा हंगाम कायदाही ठरवणार आहे. गाइरांगरसारख्या जागतिक वारशातल्या फ्योर्डमध्ये २०२६ पासून दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना धूर न सोडताच यावं लागतंय. मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत आहे. डिसेंबर २०२१ पासून या मार्गावर आलेल्या हाविला कंपनीच्या बोटी बॅटरीवर काही तास चालतात, त्यांना ते सोपं जाईल. तीन-चार हजार माणसांच्या तरंगत्या शहरांची जुलैतली रांग मात्र तिथे विरळ होईल, असा माझा अंदाज आहे. सूर्याचे डागही आता उतरणीला लागतील. तरी उत्तर नॉर्वे प्रकाशाच्या पट्ट्याखालीच बसलेलं असल्याने शांत वर्षांतही निरभ्र रात्र वाया जात नाही.

तिकीट काढाल ते जातायेताचं काढा. वेळापत्रकच असं आहे, की उत्तरेकडे जाताना जी बंदरं रात्री लागतात, ती परतीच्या वाटेवर दिवसा लागतात. लोफोटेनजवळची राफ्टसुंड ही अरुंद सामुद्रधुनी बोट परतताना दुपार टळल्यावर पार करते. डिसेंबरात तेव्हा मिट्ट काळोख असतो. मार्चमध्ये दोन्ही बाजूंच्या कड्यांवर अजून ऊन असतं.