ताळेबंद पाण्याचा आणि मनाचा

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, त्यावर कोणती पिके पेलतील, याचा हिशेब ग्रामसभेत होतो. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे अवर्षणाला दैवगती मानण्याची सवय गावाने सोडली. मनोविकारांच्या बाबतीत मात्र आपला समाज अद्यापि बव्हंशी दैवाच्याच हवाली आहे.

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हे त्याचे ठळक उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सरासरीने ३०० माणसांमागे एकाला हा विकार जडतो. नसलेले आवाज ऐकू येतात, आप्तांविषयी अकारण संशय दाटतो. ऐन तारुण्यात शिक्षण वा नोकरी सुटते. घरचे लोक प्रथम देवऋषी गाठतात आणि उपचाराची मोलाची वर्षे वाया जातात.

वास्तविक १९५२ साली क्लोरप्रोमॅझिनचा वापर सुरू झाल्यापासून या रोगावर औषधे आहेत. पण ती दीर्घकाळ घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद केली, की आजार बहुधा उलटतो. दुष्परिणाम झाल्यास औषध वा मात्रा बदलणे हे मानसोपचारतज्ज्ञाचे काम; रुग्णाला पुन्हा कामाधंद्याला लावणे आणि घरच्यांना धीर देणे हे मानसशास्त्रज्ञाचे व समाजकार्यकर्त्याचे. केवळ गोळीने भागत नाही आणि गोळीवाचूनही भागत नाही.

शासन स्वस्थ बसले असे नव्हे. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून तो जिल्ह्यांकडे वळला. २०१७ च्या कायद्याने उपचार हा हक्क ठरविला आणि रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध केले. पण साखळी सुटली तरी जिल्ह्याच्या ठिकाणचे हेलपाटे आणि बुडालेला रोज सुटत नाही.

यावरील एक उपाय तपासूनही झाला आहे. सातारा, गोवा व तामिळनाडूत २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयातील उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जात. वर्षाअखेर अशा रुग्णांची लक्षणे व परावलंबन थोडे अधिक घटले. लाभ माफक होता आणि सर्वत्र सारखा नव्हता. तरीही दिशा स्पष्ट आहे. डॉक्टरला पर्याय नाही; पण त्याचा हात घरापर्यंत पोहोचविणारा माणूस गावातच घडविता येतो.

येथे एक सावधगिरी हवी. रुग्णांची नावे ग्रामसभेत पुकारणे म्हणजे उपचाराच्या नावाखाली विटंबना होय. ग्रामसभेने विचारावे ते इतकेच : प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध अखंड मिळते काय? मानसोपचारतज्ज्ञ ठरल्या दिवशी येतो काय? आशा कार्यकर्तीला या आजाराचे शिक्षण मिळाले काय?

पाणी एका पावसाळ्यात मुरत नाही. दुभंगलेले मनही एका चिठ्ठीने सांधत नाही. दोहोंना वर्षानुवर्षांची राखण लागते; आणि ती राखण एकट्या आईवर टाकून गावाला मोकळे होता येणार नाही.