बेस गिटारचा सरंजाम : आधी काय घ्यावे, मागाहून काय

लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजचा बँड असो की स्टुडिओतील रेकॉर्डिंग, गायक आणि की-बोर्डवाल्याच्या मागे एक वादक लांब दांडीची, चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असतो. श्रोत्यांचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते. मात्र तो थांबला की गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ हे वाद्य वाजवीत. त्याला बेस गिटार म्हणतात.

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा धंद्याच्या निमित्ताने या वाद्याशी संबंध येतो. कोणाचे वाद्यांचे दुकान आहे, कोणी मंडपाला साऊंड भाड्याने देतो, कोणी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, तर कोणी लाकडाचे नाजूक काम करतो. गिऱ्हाईक दुकानात शिरते ते बहुधा पेडलची चौकशी करीत. पायाने दाबायची ती रंगीत डबी घेतली की आपला आवाज अमक्या वादकासारखा होईल अशी त्याची समजूत असते, आणि दुकानदारालाही डबी विकणे सोपे जाते. पण पैसा या क्रमाने गेला की बराचसा वाया जातो. खर्चाचा योग्य क्रम असा : आधी वाद्याची जुळणी आणि तारा, मग अ‍ॅम्प व त्याची वीजजोडणी, आणि इफेक्ट सर्वांत शेवटी. असे का, हे कळण्यासाठी हे वाद्य मुळात काय आहे ते पाहू.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे वाद्य

लिओ फेंडर यांनी १९३८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प त्यांच्याकडे आणीत आणि आपल्या अडचणी सांगत. त्या काळी खालचे सूर माणसाच्या उंचीच्या डबल बेसवर वाजत. ते वाद्य वाहून नेणे कठीण, पडदे नसल्यामुळे सूर चुकण्याची भीती, आणि ड्रम व विजेच्या गिटारपुढे त्याचा आवाज दबून जाई. फेंडर यांनी १९५१ साली पडदे असलेली, गळ्यात अडकवता येणारी विजेची बेस बाजारात आणली. बोट पडद्यावर पडले की सूर नेमका निघतो, म्हणून नाव ठेवले प्रिसिजन. १९६५ साली त्यांची कंपनी सीबीएसने एक कोटी तीस लाख डॉलरला विकत घेतली. गिऱ्हाइकाची तक्रार कान देऊन ऐकणाऱ्या एका दुरुस्तीवाल्याची ही कमाई आहे. आपल्याकडे मिरजेत फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी हत्यारांना धार लावण्याचे काम मागे पडल्यावर तंतुवाद्यांना हात घातला, त्याची येथे आठवण होते.

साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. बेसच्या जाड तारेचा त्याच्या निम्मा, म्हणजे ४१ हर्ट्झचा. इतका खालचा सूर तारेवर नीट उमटावा म्हणून घोडीपासून माथ्यापर्यंत तारेची वाजती लांबी ३४ इंच ठेवतात. सूर जितका खालचा, तितकी जास्त हवा स्पीकरला ढकलावी लागते. पुढची सगळी निवड या एका गोष्टीवर ठरते.

जुळणी आणि तारा

स्वस्त बेस वाईट वाजते त्याचे कारण बहुतेक वेळा तिची जुळणी झालेली नसते हे असते. कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलेले वाद्य प्रवासात आणि हवामानात हलते. कोकणातल्या पावसाळ्यात तर दांडी आपोआप वाकते. दांडीच्या आत एक पोलादी सळई असते. जाड तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून मधल्या पडद्यांवर पाहावे. तेथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी. जास्त असेल तर सळई घट्ट करावी, अजिबात नसेल तर सैल. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. जोर लावावा लागला तर तेथेच थांबावे, सळई तुटली तर दांडी गेलीच म्हणून समजा.

यानंतर सूर जुळवायचा. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून निघणारा सूर आणि त्याच पडद्यावर तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर एकच दिसला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीवरची त्या तारेची बैठक मागे सरकवावी, उतरलेला असेल तर पुढे घ्यावी. सतारीचे पडदे सरकवणाऱ्या किंवा तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कारागिराला हे काम शिकायला वेळ लागणार नाही. एक एलन की, एक पेचकस, एक ट्यूनर, एवढ्या हत्यारांवर ही सेवा देता येते, आणि ती देणारे हात थोडे आहेत.

तारा दोन जातींच्या. गोल गुंडाळीच्या तारांचा आवाज झणझणीत असतो, त्या खरखरीत लागतात आणि घामाने लवकर मंद होतात. चपट्या गुंडाळीच्या तारा गुळगुळीत, आवाज गोल आणि दबका, टिकतात वर्षानुवर्षे. किंमत चपट्यांची जास्त, पण ज्याला जुन्या चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे आहे त्याला त्या स्वस्तच पडतात. नवशिक्याला ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा जोड द्यावा, बहुतेक वाद्ये त्याच हिशोबाने जुळवलेली असतात.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतील जेम्स जेमर्सन यांचे उदाहरण या जागी देण्यासारखे आहे. १९६० च्या दशकात त्या कंपनीच्या असंख्य गाण्यांना त्यांची बेस आहे. त्यांच्याजवळ १९६२ सालची प्रिसिजन होती, तिला चपट्या तारा होत्या, आणि तुटल्याशिवाय ते तार बदलत नसत असे सांगतात. उजव्या हाताचे एकच बोट ते वापरीत. रेकॉर्डिंगला बेसची वायर बहुधा सरळ मिक्सरकडे जाई, मध्ये कोणतेही पेडल नसे.

अ‍ॅम्प, वॅट आणि ओहम

बेस साध्या गिटारच्या अ‍ॅम्पला लावू नये. ४१ हर्ट्झच्या सुराला स्पीकरचा पडदा फार मागे-पुढे होतो. त्यासाठी न बनवलेला स्पीकर आधी फरफर करतो आणि मग त्याची कॉइल जाते. भाड्याने साऊंड देणाऱ्यांनी हे वादकाला आधीच बजावून ठेवावे.

वॅटच्या आकड्याबाबत बाजारात फार गैरसमज आहेत. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून १०० च्या जागी १५० वॅटचा अ‍ॅम्प घेणाऱ्याला फरक जेमतेम कळतो. त्याच पैशात दुसरा चांगला स्पीकर जोडला तर हवा जास्त ढकलली जाते आणि फरक लगेच ऐकू येतो. घरी सरावाला लहान अ‍ॅम्प चालतो. ड्रमबरोबर वाजवायचे तर दोन-तीनशे वॅट हवेत. १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॅटचा एसव्हीटी हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प काढला, त्याचा नुसता माथाच चाळीस किलोच्या आसपास होता. तेवढीच ताकद आज क्लास-डी जातीच्या दोन-तीन किलोच्या अ‍ॅम्पमध्ये मिळते. हमालीचा खर्च तेवढा वाचतो.

आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ओझे चार ओहमचे होते. तिसरा जोडला की तीनाच्याही खाली जाते. अ‍ॅम्पच्या मागे किमान चार ओहम लिहिले असेल तर तिसरा जोडणे म्हणजे अ‍ॅम्प जाळणे. स्पीकरला नेहमी जाड दुहेरी तारेची केबल वापरावी. गिटारची केबल दिसायला तशीच असते, दोन्हींना तोच जॅक असतो, पण तिच्या आतली तार बारीक असते व ती तापते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीच चालू करू नये.

मोठ्या कार्यक्रमात बेस मिक्सरकडे पाठवायची असते. साध्या बेसला पुढे सुमारे दहा लाख ओहमचे इनपुट लागते. मिक्सरचे लाइन इनपुट बहुधा दहा हजारांच्या घरात असते, त्यात सरळ लावली तर आवाज मेल्यासारखा होतो. मध्ये डीआय बॉक्स घालावा. साऊंडवाल्याच्या पेटीत दोन डीआय बॉक्स असणे ही चैन नाही, गरज आहे.

अर्थिंगशी खेळ नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अ‍ॅम्पमधून गुणगुण येऊ लागली की मंडपात काही जण थ्री-पिन प्लगची जाड पिन मोडतात किंवा हिरवी तार कापतात. गुणगुण थांबते आणि सगळे खूश होतात. पण बेसच्या तारा घोडीमार्फत अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, आणि माइकची जाळी मिक्सरच्या पत्र्याला. दोघांपैकी एकाचे अर्थिंग गेले आणि आत बिघाड झाला, तर तारा व माइक यांच्यामध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे राहू शकतात. वादक दोन्ही हात तारांवर ठेवून कोरस गाण्यासाठी माइकला ओठ लावतो आणि वीज त्याच्या अंगातून जाते. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वे हे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच मरण पावले.

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक बेसच्या तारेला व दुसरे माइकच्या जाळीला लावावे. काटा किंवा आकडा जवळजवळ शून्यावर हवा. दहा-वीस व्होल्ट दिसले तरी वादकाला माइकपाशी जाऊ देऊ नये. जनरेटरवर काम असेल तर ही तपासणी लाइट बदलल्यावर पुन्हा करावी. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. राहिली गुणगुण, तर तिच्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो. तो केवळ आवाजाच्या केबलची जाळी सोडवतो, मेनचे अर्थिंग शाबूत राहते.

इफेक्ट : शेवटचा खर्च

पहिली डबी घ्यायची ती ट्यूनरची. दुसरी कंप्रेसरची. कंप्रेसर मोठे ठोके दाबतो आणि हळू सूर वर आणतो, त्यामुळे बेस गाण्याच्या खाली एकसारखी राहते. फार दाबला तर बोटांतला जीवच निघून जातो.

ओव्हरड्राइव्ह बेसवाल्यांना फार आवडतो आणि सर्वांत जास्त फसवतो. गिटारसाठी बनवलेला ओव्हरड्राइव्ह खालचे सूर कापून टाकतो. घरी एकट्याने वाजवताना तो दणदणीत वाटतो, बँडमध्ये बेस नाहीशी होते. ज्यावर मूळ आवाज मिसळण्याचे बटण आहे तोच घ्यावा. कोरसचेही तसेच, खालचे सूर न हलवणारा बेसचा कोरस वेगळा मिळतो. ऑक्टेव्ह पेडल सुराच्या खाली आणखी एक सप्तक जोडते, पण ४१ चे निम्मे म्हणजे २० हर्ट्झ कानाला ऐकूच येत नाहीत. ते दांडीच्या वरच्या अंगाला, बारीक तारांवर वापरायचे.

क्रम साधारण असा ठेवतात : ट्यूनर, मग ऑक्टेव्ह किंवा फिल्टर, मग कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस. फिल्टर बोटांच्या जोरावर उघडतो, कंप्रेसरने जोर आधीच सपाट केला तर तो काम करीत नाही. बाकी क्रम कानाने ठरवावा.

बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागते आणि पिनच्या मध्यभागी ऋण असते. अनेक अ‍ॅडॉप्टरांचे याच्या उलट असते. काउंटरवर जळून आलेल्या पेडलमागे हे कारण निघाले तर नवल नाही. अ‍ॅडॉप्टर विकताना त्यावरची खूण गिऱ्हाइकाला दाखवावी.

जुना माल

या धंद्यात जुन्या मालाचा भाव कधी उलटेल सांगता येत नाही. रोलँड कंपनीने १९८१ साली बेसवादकाच्या जागी ठेवायला टीबी-३०३ नावाची डबी काढली. ती बेससारखी वाजेना, म्हणून १९८४ साली बंद पडली. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच तिच्यावर राग वाजवून एक रेकॉर्ड केली होती. पुढे शिकागोच्या तरुणांनी अडगळीतल्या स्वस्त डब्या घेऊन नाचाचे वेगळेच संगीत काढले आणि तिचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर गेले.

जुनी बेस घेताना घोडीच्या बाजूने डोळा लावून दांडी पाहावी. सरळ वाक दुरुस्त होतो, पिळलेली दांडी नाही. सळईचा नट दोन्हीकडे फिरतो का पाहावे, कारण तो शेवटपर्यंत कसलेला असेल तर पुढे वाव नाही. बटणांची खरखर क्लीनरने जाते, सैल जॅक दोन डाग देऊन बसतो, त्यासाठी भाव पाडावा पण माल सोडू नये. नावाची पट्टी पाहून पैसे देऊ नयेत, माथ्यावरचे स्टिकर कोणीही चिकटवतो. बेस अ‍ॅक्टिव्ह असेल तर पाठीमागे ९ व्होल्टची बॅटरी असते. जॅक लावलेला असला की ती खर्च होत राहते, तेव्हा वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायला गिऱ्हाइकाला सांगावे.