भाग ७ : जो आलाच नाही, त्याची वाट

आज एसएसडी बसवायची होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांच्या प्रश्नाने मला दोन दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही. शिवाय हा पेच सोडवल्याशिवाय एसएसडी बसवली, तर पैसे खर्चूनही खोळंबा जवळपास तेवढाच राहील.

त्यांचा लॅपटॉप २००८ सालचा ईईई पीसी १०००एच. ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, मूळचीच हार्ड डिस्क आणि त्यावर डेबियन १२. गेल्या भागात सांगितल्याप्रमाणे त्यांनी ‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’ ही आज्ञा चालवली. यादीत सगळ्यात वर नेटवर्कची वाट पाहणारी सेवा होती, ११ सेकंदांची. त्यांनी ती बंद केली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि मोबाइलवर वेळ मोजली. लॉगिनचा पडदा यायला पूर्वीइतकाच वेळ, दोन मिनिटांहून जास्त. ‘मग ही यादी खोटी समजायची का?’ असं त्यांनी विचारलंय.

यादी खरी आहे. ती फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. कुठल्या सेवेला उभं राहायला किती वेळ लागला, एवढंच ती सांगते. पण सेवा एकामागे एक उठत नाहीत, बऱ्याचशा एकाच वेळी उठतात. नेटवर्कसाठी ११ सेकंद कुणी ताटकळत असेल, पण लॉगिनचा पडदा त्याच्यासाठी थांबलेलाच नसेल, तर ते ११ सेकंद वाचवून पडदा लवकर येणार नाही. गेल्या भागात मी हे सांगायला हवं होतं.

मग दोन मिनिटं गेली कुठे? पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक ओळ उतरवून पाठवली होती आणि ती वाचताच मी ताठ बसलो. नुसत्या ‘सिस्टमडी-ॲनालाइझ’ची ती ओळ : कर्नल ३८ सेकंद, यूजरस्पेस १ मिनिट ४६ सेकंद. कर्नल जुन्या ॲटमवरही इतका रेंगाळत नाही. मी त्यांना कळवलं, सुरू होताना एस्केप दाबा, चित्र बाजूला होईल आणि मागची अक्षरं दिसतील. संध्याकाळी फोटो आला. काळ्या पडद्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे पळताहेत, शेजारी एका डिस्क-विभागाचा लांबलचक यूयूआयडी आणि त्यापुढे मर्यादा : १ मिनिट ३० सेकंद.

हा आकडा ओळखून ठेवा. कामाला लागणारा वेळ इतका नेमका कधी नसतो. कधी ८७ सेकंद लागतील, कधी ९४. दर वेळी बरोबर ९० दिसले, की समजावं, इथे काम चाललेलं नाही, कुणाची तरी वाट पाहणं चाललंय. सिस्टमडीच्या सबुरीची ठरलेली मर्यादा ९० सेकंदांची आहे.

वाट कुणाची, तर स्वॅप विभागाची. या गृहस्थांनी मध्यंतरी शेजारी दुसरं लिनक्स टाकून पाहिलं होतं. त्याच्या इन्स्टॉलरने स्वॅप नव्याने फॉरमॅट केला आणि त्या विभागाचा यूयूआयडी बदलला. डेबियनच्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये मात्र जुनाच राहिला. वऱ्हाडाची बस भरलेली असावी, चालक जागेवर असावा आणि मामा यायचेत म्हणून गाडी हलू नये, तसं हे. मामांनी घर बदललंय, निरोप जुन्या पत्त्यावर गेलाय. स्वॅप हा सुरुवातीच्या टप्प्याचा भाग, त्यामुळे बाकी जवळजवळ सगळं त्याच्यामागे अडतं.

आणि ब्लेममध्ये त्याचं नाव का नाही? ती यादी उभ्या राहिलेल्यांची आहे. जो आलाच नाही, त्याचं नाव उशिरा आलेल्यांत कसं सापडणार? माझ्या मते जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत हीच सगळ्यात मोठी फसगत. अशा वेळी ‘क्रिटिकल-चेन’ पाहावी. त्यात ‘@’ पुढे सेवा कितव्या सेकंदाला उभी राहिली ते असतं आणि ‘+’ पुढे तिने स्वतः किती वेळ घेतला ते. ‘@’चे आकडे खालून वर वाचत जा. एका ओळीवर २ सेकंद आणि वरच्या ओळीवर एकदम दीड मिनिट दिसलं, तर चोर त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत आहे. त्याचं नाव ‘जर्नलसीटीएल -बी’मध्ये मिळतं.

उपाय दहा मिनिटांचा. ‘बीएलकेआयडी’ने स्वॅपचा आजचा यूयूआयडी पाहा, एफएसटॅबची प्रत काढून ठेवा आणि जुन्याच्या जागी नवा लिहा. कर्नलच्या ३८ सेकंदांचं मूळही तिथेच होतं. हायबरनेटमधून उठण्यासाठी ‘रिझ्यूम’ नावाच्या फाइलमध्ये तोच जुना यूयूआयडी होता आणि इनिटरामएफएस त्याची वेगळी वाट पाहत होतं. तो वेळ कर्नलच्या खात्यावर पडत होता. तिथेही दुरुस्ती करून ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवायचं. साताऱ्याचा लॅपटॉप आता २७ सेकंदांत लॉगिनला येतो. हार्ड डिस्क तीच, रॅम तेवढीच.

सप्टेंबर २००८ मध्ये पोर्टलंडच्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलच्या आर्यन व्हान डे व्हेन आणि औके कोक यांनी ईईई पीसी ९०१ पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी आधी अंदाजपत्रक मांडलं : कर्नलला १ सेकंद, सुरुवातीच्या तयारीला १, एक्स सर्व्हरला १ आणि डेस्कटॉपला २. मग प्रत्येक थांब्यापाशी त्यांनी विचारलं, हे कुणासाठी थांबलंय आणि थांबण्याची गरज आहे का? आपल्याला पाच सेकंद जमतीलच असं नाही, पण हा प्रश्न आपणही विचारू शकतो.

तेव्हा या आठवड्यात क्रिटिकल-चेन काढा आणि त्यातली सगळ्यात मोठी फट शोधून ठेवा. एसएसडी पुढच्या वेळी नक्की. स्क्रू ठेवायला एक वाटी तेवढी हाताशी असू द्या.