कारखान्यांतील वीजवापराचे वेळापत्रक

धान्याप्रमाणे विजेचा साठा कोठारात करून ठेवणे सुलभ नसते. निर्माण होणारी बहुतांश वीज त्याच क्षणी वापरावी लागते. सूर्यास्तानंतर सौरवीज थांबते आणि नेमकी त्याच सुमारास घराघरांतील मागणी वाढते. म्हणूनच कारखान्याने वीज किती वापरली याइतकेच ती केव्हा वापरली, यालाही महत्त्व आले आहे.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १० किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर आकारण्याची तरतूद झाली. सौरकाळात नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी, तर कमाल मागणीच्या काळात किमान १.२ पट, असे हे सूत्र आहे.

कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगासारख्या ठिकाणी याचा विचार बारकाईने करावा लागतो. विद्युत भट्टीत एक टन लोखंड वितळविण्यास सुमारे ६०० युनिट वीज लागते. वितळलेला रस साच्यात ओतेपर्यंत तप्तच ठेवावा लागतो. मध्येच वीज तोडल्यास तो भट्टीतच गोठण्याचा धोका असतो. साच्यांची वाळू तयार करणे, ओतीव भाग घासणे, पाण्याच्या टाक्या भरणे ही कामे मात्र सायंकाळ टाळून उरकता येतात. भट्टीही दिवसा लवकर सुरू करता येते.

पाळ्या बदलताना कामगारांची संमती आणि त्यांच्या येण्याजाण्याची सोय यांचा विचार प्रथम व्हावयास हवा. वीजबिलातील बचतीसाठी त्यांच्या विश्रांतीवर गदा येता कामा नये.