खांदा बसला, पण काम संपलं नाही!

शुक्रवारची सकाळ म्हणजे आपल्या मुऐदरच्या मंडळींची क्रिकेटची सकाळ. कॅच घ्यायला कुणी झेपावतो, हात बाहेर फेकला जातो आणि खांदा निखळतो. इमर्जन्सीत डॉक्टर एक्स-रे काढून तो जागेवर बसवतात, हात झोळीत जातो. दोन-तीन आठवड्यांत दुखणं कमी होतं आणि आपण म्हणतो, सुटलो बुवा! खरी गोम इथेच आहे.

खांदा हा शरीरातला सर्वांत जास्त फिरणारा सांधा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची वाटी मात्र बशीसारखी उथळ. गोळा जागेवर राहतो तो अस्थिबंध आणि स्नायूंच्या जोरावर. निखळताना शंभरातल्या पंचाण्णव वेळा तो पुढे सरकतो आणि पुढचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात. दुखणं लवकर थांबतं, पण खांदा भक्कम व्हायला तीन-चार महिने लागतात. विशीच्या आतल्या मुलांत तो पुन्हा निखळण्याचा धोका सर्वांत मोठा. चाळिशीनंतर स्नायूच फाटलेला असण्याची शक्यता जास्त.

मुंबईचा श्रेयस अय्यर आठवतो? 23 मार्च 2021 रोजी गहुंजेला इंग्लंडविरुद्ध फील्डिंग करताना त्याचा डावा खांदा निसटला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, पण तो मैदानात दिसला सप्टेंबरमध्ये. नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकलं! दिमतीला फिजिओ असूनही मधले महिने त्यालाही चुकले नाहीत.

मग करायचं काय? आपल्या फिजिओच्या सल्ल्याने, साधारण या क्रमाने:

झोळीत हात असतानाच बोटं, मनगट आणि कोपर दिवसातून अनेकदा हलवावं. परवानगी मिळाली की चांगला हात ओट्यावर टेकून वाकावं, दुखरा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलकेच झुलवावा. पुढे कोपर अंगाला चिकटवून तळहाताने, मग हाताच्या पाठीने भिंत दाबावी. हात हलू द्यायचा नाही. त्यानंतर रबरी पट्टी ओढणं, पाठीची पाती मागे आवळणं आणि शेवटी भिंतीवरचे जोर. ठणका रात्रभर राहिला, तर एक पायरी मागे यावं.

पहिले सहा आठवडे तरी हात बाजूला उचलून मागे वळवायचा नाही, म्हणजे बॉल फेकताना होतो तसा. गाडीत पुढे बसून मागच्या सीटवरचं मुलांचं दप्तर ओढतानाही नेमकं हेच होतं, हे वहिनींनीही लक्षात ठेवावं! सुट्टीला निघताना विमानातली बॅग वर ठेवायचं काम दुसऱ्याला सांगा, लाजू नका.

दंडाची बाहेरची बाजू बधिर वाटली किंवा हात उचलताच येईना, तर तडक डॉक्टर गाठा. आणि मैदानावर खांदा ‘ओढून बसवणारे’ हौशी हाडवैद्य असतातच. त्यांना हात लावू देऊ नका. मज्जातंतूला इजा होऊ शकते, हाड मोडलेलं असू शकतं.

शेजारच्या अस्पायर झोनमधल्या अस्पेतार हॉस्पिटलात 2007 सालापासून नामवंत खेळाडू येतात. पण वरच्या व्यायामांना मोठी यंत्रं लागत नाहीत; एक भिंत, एक रबरी पट्टी आणि रोजची पंधरा मिनिटं पुरतात. तेव्हा फ्रिजवर तक्ता चिकटवा आणि दुखणं थांबल्यावरही खुणा करत राहा. फिजिओ ‘खेळ आता’ म्हणेपर्यंत चिरंजीवांना स्कोअर लिहायला बसवा!