संचालक मंडळाच्या कारभाराला गज लावा

कापडाच्या धंद्यात आमची तीसहून अधिक वर्षे गेली. मालेगाव, इचलकरंजी किंवा सुरतेहून आलेला ताका आम्ही लेबल वाचून मांडणीवर ठेवत नाही, उलगडून मोजतो. लेबलावर वीस मीटर असतात आणि कधी साडेएकोणीसच भरतात. त्या अर्ध्या मीटरसाठी आम्ही दलालाशी तासभर हुज्जत घालतो. मात्र ज्या पतसंस्थेत आम्ही व्यापारी आयुष्यभराची शिल्लक ठेवतो, तिच्या संचालक मंडळाने वर्षभरात काय केले, हे कधी मोजून घेत नाही. वार्षिक सभेत चहा घेतो, ‘मंजूर, मंजूर’ म्हणतो आणि दुकानाकडे वळतो.

बीड जिल्ह्याला ही बेफिकिरी महागात पडली आहे. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवी २०२३ मध्ये अडकल्या आणि हजारो घरांची झोप उडाली. त्याआधी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे प्रकरण झाले. मार्च २०२१ मध्ये या बँकेच्या १९ संचालकांची निवडणूक होती. त्यांपैकी ११ जागा सेवा सोसायट्यांच्या. उमेदवाराच्या सोसायटीला लेखापरीक्षणात ‘अ’ किंवा ‘ब’ वर्ग असला पाहिजे, अशी अट होती. त्या अटीवर सोसायटी मतदारसंघातील अर्ज बाद झाले आणि मतदान उरलेल्या ८ जागांसाठीच झाले. आठ जणांनी गणपूर्ती होईना, म्हणून बँकेवर प्रशासक आले. लेखापरीक्षणाचा वर्ग म्हणजे एक माप. गावोगावच्या सोसायट्यांनी ते वर्षानुवर्षे कागदी समजले आणि शेवटी त्याच मापाने जिल्ह्याच्या बँकेचे मंडळ अडवले.

आमचीच कैफियत

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमचे सांगतो. आम्ही एका लहान पतसंस्थेच्या संचालक मंडळावर एक मुदत होतो. संस्थेचे नाव सांगण्यात हशील नाही. आमच्या दुकानाचे गणवेश शिवणारे एक टेलर मास्टर होते. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी आमच्या भरवशावर तेथे ठेव ठेवली होती. मुदत पूर्ण झाली, तारीख ठरली आणि काउंटरवरून उत्तर मिळाले, ‘पुढच्या महिन्यात या.’ ते दुकानावर आले. आवाज न चढवता म्हणाले, “भाई, तुम्ही तर सभेला बसता. तुम्हाला ठाऊक नव्हते का?”

आम्हाला खरोखर ठाऊक नव्हते आणि हीच शरमेची गोष्ट होती. त्या रात्री आम्ही संस्थेचे प्रोसिडिंग बुक मागवून घेतले. सभा दर महिन्याला, नेमाने झाल्या होत्या. सह्याही होत्या, आमचीसुद्धा. ‘थकीत कर्जदारांवर कायदेशीर कारवाई करावी’ हा ठराव मात्र सलग सात सभांत त्याच शब्दांत, त्याच नावांसह मंजूर झाला होता. कारवाई कोणी करायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे एकाही ठिकाणी लिहिलेले नव्हते. सभा किती झाल्या एवढेच मोजले असते, तर आम्ही पहिल्या नंबरात पास झालो असतो.

मंडळ कोण चालवते?

संचालक महिन्यातून दोन तास येतात. त्यांच्यासमोर कोणता कागद यावा, कोणता खाली राहावा, ठराव कसा लिहावा आणि पुढे त्याचे काय व्हावे, हे व्यवस्थापक, वसुली अधिकारी आणि इतिवृत्त लिहिणारा लेखनिक ठरवतात. खऱ्या अर्थाने मंडळ ही तीन-चार माणसे चालवतात. त्यांना आपण ‘काम नीट करा’ एवढेच सांगतो. नीट म्हणजे किती? गिऱ्हाइकाने ‘थोडे कापड द्या’ म्हटले तर आपण कात्री चालवत नाही, किती मीटर ते विचारतो. येथेही तेच विचारले पाहिजे.

मापे नव्याने शोधण्याची गरज नाही, बरीचशी कायद्यातच आहेत. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे संचालक मंडळाच्या वर्षात किमान चार सभा हव्यात, दोन सभांत १२० दिवसांहून जास्त अंतर नको, नोटीस किमान सात दिवस आधी आणि इतिवृत्त ३० दिवसांत नोंदलेले हवे. १ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या सचिवीय मानकाप्रमाणे इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत संचालकांकडे जावा लागतो. हे नियम कंपन्यांचे आहेत. पतसंस्थेने ते उसने घेतले तर कोणी अडवत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाची मापे तर बंधनकारकच आहेत. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल कलम ८२ प्रमाणे द्यावा लागतो आणि निष्काळजीपणाने संस्थेचे नुकसान केले तर कलम ८८ प्रमाणे ते संचालकांच्या खिशातून वसूल होऊ शकते.

आम्ही ठरवलेली पाच मापे

टेलर मास्टरांच्या प्रश्नानंतर आम्ही व्यवस्थापकांना सोबत बसवून एका वर्षासाठी पाच उद्दिष्टे लिहून काढली.

पहिले, सभेची नोटीस सर्व कागदपत्रांसह सात दिवस आधी. सभेच्या टेबलावर प्रथमच दिसलेल्या कर्जप्रकरणावर निर्णय नाही.

दुसरे, इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत प्रत्येक संचालकाच्या हाती.

तिसरे, प्रत्येक ठरावापुढे माणसाचे नाव आणि तारीख. पुढील सभेचा पहिला विषय एकच : मागच्या दहा ठरावांपैकी किती तारखेत पार पडले? पहिल्या तिमाहीत दहापैकी सहा आणि वर्षअखेर दहापैकी नऊ, असे उद्दिष्ट ठेवले.

चौथे, कर्ज ठरलेल्या दिवसांपलीकडे थकले की कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी अर्ज दाखल. ‘कारवाई करावी’ असे लिहिणे बंद. किती अर्ज दाखल झाले आणि किती बाकी, एवढा आकडा सभेपुढे.

पाचवे, लेखापरीक्षण अहवालातील दोषांची यादी भिंतीवर. दर महिन्याला किती दोष मिटले, ते त्याच यादीवर लाल शाईने.

पहिल्या तिमाहीत ठरावांचा आकडा दहापैकी चारच आला. व्यवस्थापक नाराज झाले, दोन संचालकांनाही ते आवडले नाही. त्या चाराने मात्र आम्हाला सात सभांपेक्षा अधिक सांगितले. अडलेल्या सहांपैकी बहुतेक ठराव संचालकांच्या ओळखीच्या कर्जदारांचे होते. लेखनिक बिचारा नोटीस काढायला घाबरत होता. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. पुढे संस्था तगली. टेलर मास्टरांना रक्कम दोन हप्त्यांत मिळाली, पण दुसरा हप्ता लग्नानंतर मिळाला. हे आम्ही विसरलेलो नाही.

खोटा गज

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. गज चुकीचा असेल तर तो नसण्यापेक्षा वाईट. व्यवस्थापकाला ‘यंदा ठेवी एक कोटीने वाढवा’ एवढेच सांगितले, तर तो व्याजाचा दर चढवून ठेवी आणील. तो दर परवडावा म्हणून चढ्या व्याजाचे, कच्च्या तारणाचे कर्ज वाटले जाईल. आकडा पूर्ण होईल आणि संस्था बुडेल. तसेच, ‘३१ मार्चला थकबाकी अमुक टक्क्यांच्या खाली दिसली पाहिजे’ असे सांगितले तर ‘जुने-नवे’ होईल. जुने कर्ज नव्या कर्जाने भरल्याचे दाखवायचे. कागदावर वसुली, पेटीत पैसा नाही. म्हणून प्रत्येक आकड्याला जोडीचा आकडा हवा. ठेवींच्या वाढीसोबत ठेवींचा सरासरी व्याजदर आणि एकूण वसुलीसोबत रोख वसुली वेगळी.

आमच्या जिल्ह्याचा हंगामही ध्यानात घ्यावा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कापसाचा पैसाही विशिष्ट महिन्यांतच फिरतो. बारा महिन्यांना सारखे वसुलीचे उद्दिष्ट वाटणे म्हणजे सदऱ्याचे माप घेऊन पायजमा बेतणे होय. तिमाहीचे आकडे बाजाराच्या चालीने ठरवावेत आणि लग्नसराईत ठेवी काढणारे येणार, हे धरून रोख शिल्लक ठेवावी.

आणखी एक तारतम्य. वसुली अधिकाऱ्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्याला जबाबदार धरू नये. कागद वेळेवर आला का, हे कर्मचाऱ्यांचे माप. आलेल्या कागदावर हिमतीने निर्णय झाला का, हे संचालकांचे. दोन्ही मापे एका रकान्यात घातली तर शिक्षा नेहमी लहान माणसाला होते.

मोठ्या नागरी बँकांना आता बाहेरून गज लागतो. १०० कोटी आणि त्याहून अधिक ठेवींच्या बँकांनी संचालक मंडळाखेरीज जाणकारांचे व्यवस्थापन मंडळ नेमावे, असे रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने सांगितले. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षणही आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते विमा संरक्षण नाही. जेथे विमा नाही, तेथे तर मोजमाप दुप्पट काळजीने व्हायला हवे.

आमचा वाचकांना मशवरा एवढाच. येत्या वार्षिक सभेत अहवालाचे गुळगुळीत मुखपृष्ठ पाहून परतू नका. उभे राहून तीन प्रश्न विचारा : गेल्या वर्षी किती ठराव झाले आणि किती तारखेत पार पडले? लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता आणि किती दोष अजून शिल्लक आहेत? वसुलीत रोख किती आणि जुने-नवे किती? उत्तर आकड्यात मिळाले तर त्या मंडळाचे जाहीर कौतुक करा. ‘सर्व काही व्यवस्थित आहे’ असे मिळाले, तर ताका उलगडायला सांगा. दुसऱ्याचा पैसा ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशोब अंदाजाने देता येत नाही.