जुन्या मोटारसायकलीचे पेट्रोल जाते कुठे?

औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागते. मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळे दूरदूरच्या भाविकांना ठाऊक असलेले हे गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत परभणी जिल्ह्यात होते. परभणीचा उल्लेख येथे सहेतुक आहे. पेट्रोलच्या दरासाठी या शहराचे नाव २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये देशभरच्या बातम्यांत आले होते. मनमाडच्या डेपोतून तीनशेहून अधिक किलोमीटर टँकरने इंधन आणायचे, तर त्या वाहतुकीचा भार दरात दिसणारच. अशा टापूत मोटारसायकल ही हौसेची वस्तू नसते. दूध घालणे, शेतावर जाणे, तालुक्याला बँकेचे काम उरकणे, वसमतच्या बाजारात हळदीचा भाव काढून येणे, ही सारी कामे तिच्यावर चालतात. त्यामुळे गाडी कोणती, या प्रश्नापाठोपाठ ‘ॲव्हरेज किती?’ हा प्रश्न ठरलेलाच.

पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांच्या गावाकडच्या घरी आजही एखादी राजदूत, येझ्दी किंवा बुलेट उभी असते. ती विकावी, दुरुस्त करावी की नुसती जपावी, यावर दिवाळीत घरी जमल्यावर चर्चा होते, आणि ‘ती फार पेट्रोल पिते’ या एका वाक्यावर ती संपते. हे वाक्य खोटे नाही. मात्र ते अर्धेच खरे आहे. जुनी गाडी जे जास्तीचे पेट्रोल पिते, त्यातील काही भाग तिच्या रचनेतच आहे आणि काही भाग केवळ झिजेचा व दुर्लक्षाचा आहे. हे दोन भाग वेगळे केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

आधी रचनेचे पाहू. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १७५ साठच्या दशकात आली. पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलीवर बेतलेले तिचे इंजिन १७३ सीसीचे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि पुढे येझ्दी या नावाने २५० सीसीच्या गाड्या बनवल्या. १९९६ मध्ये तो कारखाना थंडावला. या दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक होत्या. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. जळलेला धूर बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रणच करते. धूर जाण्याची वाट आणि ताजे मिश्रण येण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असते. साहजिकच धुरासोबत न जळलेले मिश्रणही सायलेन्सरमधून निघून जाते. इंजिन आणि वेग यांनुसार हा तोटा बदलतो, पण कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाचवा ते तिसरा हिस्सा असा वाया जाणे नवलाचे नाही. जुन्या राजदूतच्या मागे येणाऱ्या त्या परिचित वासात तेलाबरोबर आपण विकत घेतलेले, पण न वापरलेले पेट्रोलही असते. हा तोटा कोणताही मिस्त्री भरून काढू शकत नाही.

बुलेटची गोष्ट निराळी. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली ३४६ सीसीची ही गाडी फोर-स्ट्रोक. म्हणूनच आकाराने मोठी असूनही ती पेट्रोलच्या बाबतीत येझ्दीपेक्षा उधळी ठरत नाही. नीट राखलेली येझ्दी लिटरला साधारण २५ ते ३० किलोमीटर आणि बुलेट ३० ते ३५ देते, असा मालकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. बुलेटची अडचण दुसरी आहे. तिच्या जुन्या बिडाच्या इंजिनात मिश्रण साडेपाच ते साडेसहा पटच दाबले जाई. त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला ते साजेसे होते. पुढे आलेल्या १०० सीसीच्या गाड्यांत हे प्रमाण नऊ पटींच्या आसपास गेले. मिश्रण जितके अधिक दाबले जाते, तितके त्याच थेंबातून अधिक काम निघते. सहा पटींवरून नऊ पटींवर जाण्याने, निव्वळ सिद्धांताच्या पातळीवर, सुमारे सातव्या हिश्श्याचा लाभ होतो.

शिवाय इंजिनाचा आकारही नडतो. सपाट रस्त्यावर एकटा स्वार ताशी ४० किलोमीटरने जात असेल, तर गाडी पुढे सरकवायला दीड अश्वशक्तीच्या आसपास पुरते. बुलेटचे इंजिन अठरा अश्वशक्तीचे. म्हणजे बैलगाडीभर कडब्यासाठी मालमोटार जुंपावी तसा प्रकार. मोठे इंजिन अर्धवट उघडलेल्या कार्ब्युरेटरमधून हवा ओढताना आणि स्वतःचे जड भाग फिरवताना बरीच शक्ती स्वतःवरच खर्च करते. हीरो होंडाची सीडी १०० ही ९७ सीसीची गाडी १९८५ मध्ये आली आणि लिटरला ८० किलोमीटरची जाहिरात करून तिने बाजाराचे गणितच बदलून टाकले, त्यामागे जादू नव्हती. छोटे इंजिन, फोर-स्ट्रोक रचना आणि अधिक दाब या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

८० हा आकडा मात्र ठराविक चाचणीतला होता. मोकळ्या रस्त्यावर संथ गतीने, एकसारख्या वेगाने मिळणारा आकडा आणि वसमतच्या बाजारपेठेतून वाट काढताना मिळणारा आकडा एक नसतो. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये (एआरएआय) पूर्वी ज्या भारतीय चाचणीचक्रावर गाड्या तपासल्या जात, त्यातील कमाल वेगही ताशी ४२ किलोमीटरच होता. वेग ४० वरून ८० वर नेला, तर लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, सुमारे पाचपट होते. कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणूनच महामार्गावर जुन्या गाडीचे ॲव्हरेज एकाएकी कोसळलेले दिसते.

हे सारे त्या काळच्या कंपन्यांनाही कळत होते. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेली राजदूत ३५० पेट्रोलच्या भुकेसाठी बदनाम झाली, तेव्हा तिची कमी शक्तीची, तुलनेने काटकसरी अशी दुसरी आवृत्तीही विकली गेली. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला होती डिझेल बुलेट, म्हणजे ‘टॉरस’. तिच्यात ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचे ३२५ सीसीचे इंजिन बसवलेले होते. वेग ताशी जेमतेम ६५ किलोमीटर आणि थरथर इतकी की आरसा शोभेपुरताच. पण लिटरला सत्तर-ऐंशी किलोमीटर, आणि तेही त्या काळी पेट्रोलहून बऱ्याच स्वस्त असलेल्या डिझेलवर. शेतावरच्या पंपाचे इंजिन दुरुस्त करणाऱ्याला तिचे यंत्र परके वाटत नसे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

आता झिजेचा भाग. खरा लाभ इथेच आहे, आणि बहुतेक घरांत दुर्लक्षही इथेच होते. कार्ब्युरेटरमध्ये एक निमुळती सुई पितळी जेटमध्ये वरखाली होत असते. तीस-चाळीस वर्षांच्या घर्षणाने ते भोक रुंदावते आणि सुई झिजते. परिणामी, नेहमीच्या मध्यम वेगातच इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळत राहते. गाडी चालते, ओढतेही. म्हणून कोणाला संशय येत नाही. प्लग काढून पाहिला आणि तो काजळीने काळा, कोरडा दिसला, तर हे दुखणे ओळखावे. सुई, जेट आणि फ्लोटची पिन बदलण्याचा खर्च इंजिनाचे काम काढण्याच्या मानाने किरकोळ असतो. मिस्त्री आधी ‘रिंग-पिस्टन टाकू’ म्हणाला, तरी सुरुवात कार्ब्युरेटरपासूनच करावी.

टू-स्ट्रोकमध्ये तेलाचा कार्बन सायलेन्सरमध्ये आणि धूर जाण्याच्या भोकाशी साचतो. तो खरवडून काढला की गाडीची ओढ परत येते. क्रँकचे ऑइल सील फाटले असेल, तर बाहेरची हवा आत शिरते किंवा गिअरबॉक्सचे तेल जळू लागते. बुलेटमध्ये पॉइंटमधील अंतर आणि ठिणगीची वेळ तपासावी. याखेरीज घासणारे ब्रेक, कोरडी चेन, कमी हवेचे टायर, काळ्या मातीच्या धुळीने बुजलेला एअर फिल्टर आणि थेंबथेंब गळणारा पेट्रोलचा कॉक हे सर्वांना ठाऊक असलेले चोर आहेतच. पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक वगैरे उपाय मात्र पैसे घालवण्याचे. आणि रॉकेल मिसळण्याची जुनी खोड गाडीचे आयुष्यच घटवते.

दुरुस्तीआधी खरे ॲव्हरेज मोजावे. टाकी काठोकाठ भरावी, दोनशे-अडीचशे किलोमीटर नेहमीसारखी चालवावी, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. जुन्या गाडीच्या मीटरवर विसंबू नये. रस्त्याकडेच्या दहा-वीस किलोमीटरच्या दगडांशी तो पडताळून पाहावा. मीटर दहा टक्के जास्त धावत असेल, तर गाडीचे ॲव्हरेजही कागदावर तेवढेच फुगलेले असते.

मग हिशेब. रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर धरू आणि पेट्रोल सोयीसाठी लिटरला १०५ रुपये. लिटरला २५ देणारी गाडी दुरुस्तीनंतर ३० देऊ लागली, तर ३६० लिटरऐवजी ३०० लिटर लागतील. ६० लिटरची, म्हणजे ६,३०० रुपयांची बचत. याउलट ६० देणारी नवी गाडी ७० देऊ लागली, तरी बचत अवघी २१ लिटरची. जुन्या गाडीचे पाच किलोमीटर नव्या गाडीच्या दहांपेक्षा मोलाचे असतात, ते असे. तरीही रोज एवढी धाव असेल, तर ३० ची गाडी ६० च्या गाडीपेक्षा वर्षाला १५० लिटर, म्हणजे पावणेसोळा हजार रुपये जास्त खाते, शिवाय टूटी तेल वेगळे. दूध घालणाऱ्याने ती रोजच्या कामाला ठेवू नये, हे उघड आहे. पण सणासुदीला आणि सुटीत मिळून वर्षाला हजार किलोमीटरच चालणारी गाडी असेल, तर हाच फरक साडेसतराशे रुपयांवर येतो. तेवढ्यासाठी वडिलांची बुलेट विकून नवी गाडी घेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

यात अलीकडे एक नवी भर पडली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. यातील इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊस. पूर्णा नदीच्या कालव्यांवर ज्याची शेती होते, तोच. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे या मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. साठ-सत्तरच्या दशकातील गाड्या मात्र कोणत्याही इथेनॉलचा विचार न करता बनलेल्या आहेत. त्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात, चिरतात. ते इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, म्हणून पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धवट भरलेली ठेवू नये. शक्य तर पेट्रोल काढून, कार्ब्युरेटर रिकामा करूनच ती गोठ्याशेजारी झाकून ठेवावी.